रुमालाखालचा हात

सातारा
९ ऑक्टोबर २०२४

चि. राजस,

आशीर्वाद पाकिटात घातलेला नाही. तो तीन वर्षं घरात पडून आहे, पण उचलून तुला पाठवावा असं तू अजून काही केलेलं नाहीस.

ताईचं पत्र आलं म्हणून हरखून जाऊ नकोस. तीन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या प्रांजलच्या लग्नात तू तुझ्या गोऱ्या पाहुण्यांना माझी ओळख करून दिलीस, "ही माझी बहीण, शाळेत विज्ञान शिकवते." तेव्हापासून तुझ्याशी बोलायचं नाही असं मी ठरवलंय, आणि ते मोडत नाहीये. हे लिहिणं आहे. तुझ्याच विषयातली डॉक्टरेट तुझ्या आधी घेतलेली, तुला गच्चीवर ट्रान्झिस्टर घेऊन बसवणारी, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून केस पिकवलेली बाई शाळेत विज्ञान शिकवते. बरं. तर शाळेतल्या बाई काय म्हणतात ते ऐक.

माझी एक विद्यार्थिनी आहे, सृष्टी. कोरेगावकडची. वडील कृष्णात, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, आता ऊस आणि आलं. एम.एस्सी. झाल्यावर घरून तिला एक वर्ष मिळालं. वर्षात काही झालं नाही तर पोलीस भरतीला उभं राहायचं, असा बोलीचा करार. त्या वर्षात तिनं एक शोधनिबंध लिहिला. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. विषय तुझा लाडका दीर्घिकासमूह. तोच, ज्यात काहीच नाही असं जाहीर करून तू मोठा झालास.

तुला हे सांगायची गरज पडू नये, पण तू विसरलेला दिसतोस, म्हणून कृष्णातना सांगितलं तेच तुला सांगते. शेकडो दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांत घुसतात. मधला तापलेला वायू घुसळून निघतो. त्यातले थकलेले, म्हातारे इलेक्ट्रॉन पुन्हा पळायला लागतात आणि सगळ्या समूहभर रेडिओचा एक मंद उजेड पसरतो. तो कुठल्याच एका दीर्घिकेचा नसतो. कृष्णात लगेच म्हणाले, "म्हंजी दोन गावच्या जत्रा एकमेकीत घुसल्या की जो कालवा उठतोय, तसंच की. कोण वरडतंय ते कळत न्हाई, पर कालवा तर हायच." मी म्हटलं, तसंच. तुझ्या विद्यापीठात हे समजायला लोकांना सहा महिने लागतात.

आणि तू लिहिलंस की या समूहात टक्कर आहे, पण कालवा नाही, तेव्हा सगळ्या सिद्धान्तांचाच फेरविचार व्हावा. वा रे बहाद्दर! खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांची तीच जुनी मोजमापं आता सगळ्यांना खुली आहेत. ती आम्ही मागवली. लांबलांबच्या अँटेनांच्या जोड्या बारीक ठिपके दाखवतात, आणि पसरलेला उजेड दिसतो तो जवळजवळच्या जोड्यांना. हे तू मला शिकवायला हवंस. पण जवळच्या जोड्यांना आसपासच्या ठिणग्यांचा, विजेच्या तारांचा खरखराट फार लागतो, तो निवडत बसावा लागतो. तू काय केलंस? जवळच्या जोड्या सरसकट काढून टाकल्या. मग उजेड दिसेल कुठून? सृष्टीनं उन्हाळाभर एकेक जोडी उघडून खरखराट वेचून काढला, उरलेलं ठेवलं. आणि उजेड आहे, राजस. मंद आहे, पण आहे.

निबंध पाठवला. संपादकांकडून अनामिक परीक्षकाचा अहवाल आला. दोन पानं झकास इंग्रजीत. लेखिकेला दिसलेला उजेड म्हणजे तिला नीट न काढता आलेला कचरा आहे, असं मत. आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य: पोत्यावरची धूळ बघून हळदीचा भाव करू नये.

हळद! आता मला सांग, तू राहतोस त्या सायकलींच्या देशात हळदीचं पोतं कुणी पाहिलंय?

आपले अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा करायचे ते आठवतं का? खरेदीदार आणि अडत्या समोरासमोर, हात रुमालाखाली, आणि भाव बोटांनी. बघणाऱ्याला काही कळू नये म्हणून रुमाल. पण अण्णा म्हणायचे, बोट दाबलं की माणूस कळतो. मलाही कळला. अण्णांचं ते धुळीचं आणि हळदीचं वाक्य चोरून त्यांच्याच नातीच्या वयाच्या पोरीला हाणलंस.

सृष्टीला मी यातलं काही सांगितलेलं नाही. संपादकांनाही नाही. सुधारून पाठवायला जानेवारीअखेरपर्यंत मुदत आहे. परत नाकारला गेला तर पोरगी मैदानावर गोळा फेकताना दिसेल. एवढंच लक्षात ठेव.

डॉ. अश्लेषा
(शाळेत शिकवते)


सातारा
१८ नोव्हेंबर २०२४

चि. राजस,

तुझी एका ओळीची ईमेल मिळाली. "ताई, या विषयावर मला बोलता येणार नाही." अरे शहाण्या, परीक्षक दुसरा कुणी असता तर तू लिहिलं असतंस, कसला निबंध, कोण सृष्टी? बोलता येणार नाही म्हणजे तूच. चोराला लपायला सांगावं आणि त्यानं आतून "मी इथे नाही" म्हणावं, तसं झालं. एवढी अक्कल परदेशात वापरत असशील तर त्या लोकांची कीव येते.

मी इथे काय करत होते ते सांगते, म्हणजे तुझ्या झोपेला बरं. सृष्टी रोज अकराला लॅबमध्ये येते. अहवाल आल्यापासून तिनं सगळं काम पहिल्यापासून पुन्हा केलं. मग परत एकदा केलं. काल मला म्हणाली, "म्याडम, परीक्षक एवढे मोठे, ते उगाच कशाला म्हणतील? माझंच कायतरी चुकतंय." मी म्हटलं, चुकत नाहीये. ती म्हणाली, "तुमी माझ्या बाजूच्या हाय म्हणून म्हणता." मी फळा पुसायला उठले.

तिचं हे बोलणं मला गप्प राहून ऐकवत नाही. पण सांगायचं काय? की पोरी, ज्याचे निबंध तू पाठ केलेस, ज्याचा फोटो तुझ्या वहीवर चिकटवलायस, तोच रुमालाखाली बसलाय, आणि तो माझा भाऊ आहे? ती मला विचारेल, मग तुम्ही संपादकांना का नाही सांगितलं? त्याचं उत्तर मला द्यायचं नाही. तुलाही नाही.

आणि हे काय ऐकते? आईचा फोन होता. सांगलीत तुझा नागरी सत्कार! डिसेंबरात येतोयस म्हणे. माजी नगरसेवक वीरधवल पुढाकार घेतोय, तोच, जो दहावीला प्रमेय विचारायला माझ्याकडे यायचा आणि आईच्या चकल्या खाऊन जायचा. आई आनंदात आहे. नव्या साडीला फॉल लावायला टाकलाय. सत्कार कशाबद्दल, असं मी विचारलं. आई म्हणाली, "अगं, त्यानं आकाशातलं काहीतरी शोधलंय ना!"

तू शोधलेलं नाहीस, उलट असलेलं हरवलंयस, हे पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला सांगायला मी नाही गेले. ते तुझं तू सांग.

मी सत्काराला येणार नाही.

डॉ. अश्लेषा


सांगली, खालची खोली
२७ डिसेंबर २०२४

राजस,

मी आले. आईचे डोळे दाखवायचे होते. उगाच भलते अर्थ काढू नकोस.

कालपासून आपण एका घरात आहोत. तू वरच्या मजल्यावर आणि मी खाली, आणि आई जिन्यात. ती दोघांचा चहा दोनदा करते. तू वरून विचारतोस, "ताई आली का?" मी खालून विचारते, "तो उठला का?" आई म्हणाली, "दोघं मिळून एक डॉक्टर झाला असता तर बरं झालं असतं." हे पत्र तिच्याच हाती, तुझ्या कपाच्या बशीखाली देतेय. परदेशी टपालापेक्षा लवकर पोचेल.

आज चौकात जाऊन तुझा फ्लेक्स पाहिला. डोळ्याचं पारणं फिटलं. वीरधवलचा चेहरा तुझ्या दुप्पट. त्याच्या मुलाचा, भाच्याचा आणि भाच्याच्या मित्राचा तुझ्याएवढा. मागे शनी, कड्यासकट. शनीचा काय संबंध? एका कोपऱ्यात रॉकेट उडतंय. आणि मोठ्या अक्षरांत, "ब्रह्मांडाचा आवाज शोधणारे सांगलीचे सुपुत्र". मी तिथे उभी राहून खो खो हसले. पानवाल्यानं विचारलं, काय झालं बाई? त्याला काय सांगणार? तू लिहिलंस आवाज नाही. सृष्टी म्हणते आवाज आहे. आणि वीरधवल, ज्याला दीर्घिका आणि दिवाळी अंक यातला फरक ठाऊक नाही, तो म्हणतो आवाज सापडला. म्हणजे तुझ्यात आणि त्याच्यात खरं त्यानंच छापलंय, फ्लेक्सवर.

उद्या सृष्टी आणि कृष्णात येणार आहेत. मी बोलावलं नाही. फ्लेक्सचा फोटो त्यांच्याकडेही फिरला. सृष्टीला तुला भेटायचंय. भाबडी आहे. तिला वाटतं सरांना प्रत्यक्ष विचारलं तर सर सांगतील आपलं कुठे चुकतं. तिला अजूनही ठाऊक नाही.

तुला एक संधी आहे. उद्या तिला बाजूला घे आणि सांग, मी तुझा परीक्षक, मी न तपासता लिहिलं. एवढंच. फेटा बांधलेला असला तरी चालेल.

चहा गार होईल.

अ.


सातारा
३० डिसेंबर २०२४

राजस,

तू संधी घेतली नाहीस. मला आश्चर्य वाटलं नाही, पण वाईट वाटलं, आणि त्याचाच मला जास्त राग आलाय.

काय झालं ते तू पाहिलंस, तरी माझ्या जागेवरून कसं दिसलं ते वाच. जेसीबीनं फुलं टाकली, त्यातली निम्मी बँडवाल्यांवर पडली. सभागृह भरलेलं, सगळे अण्णांच्या ओळखीचे, हळदवाले, गूळवाले, बेदाणेवाले. तुला फेटा चढवला. तू बोलायला उभा राहिलास आणि म्हणालास, "माझ्या संशोधनातून असं दिसलं, की तिथे काहीच नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. काहीच नाहीवर टाळ्या! मग वीरधवलनं माईक ओढला, "साहेबांनी काहीच नाही हे शोधलं, पण किती लांब जाऊन शोधलं, हे महत्त्वाचं!" मी तोंडावर पदर धरला. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "रडू नकोस गं, मलाही भरून आलंय."

आणि मग त्यानंच हौसेनं सांगितलं, विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारावेत. सृष्टी उठली.

"सर, मी तुमचा निबंध लय वेळा वाचलाय. माझ्या कामावर एका परीक्षकांनी लिहिलंय, पोत्यावरची धूळ बघून हळदीचा भाव करू नये. मला ते पटलं, सर. म्हणून विचारते. जवळच्या अँटेनांवर धूळ होती, कबूल. पण तुमी ती झाडून का बघितली न्हाई? सगळी पोतीच का टाकून दिली?"

आयुष्यात पहिल्यांदा त्या सभागृहाला एक विज्ञानाचा प्रश्न कळला. दाद अशी आली की काय सांगू! आणि तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून बिराप्पाकाका, अण्णांचे भागीदार, काठी टेकत उभे राहिले. "अगं पोरी, हे तर आमच्या गंगाधरअण्णांचं, या राजस-अश्लेषाच्या वडिलांचं वाक्य! त्यांच्या घराबाहेर हे कोण म्हणतंय?"

सगळे हसले. सृष्टी हसली नाही. तिनं तुझ्याकडे पाहिलं. तू फेट्याचा शेमला सारखा करत होतास. मग तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. राजस, मी खूप माणसांकडे खूप वेळा तुच्छतेनं पाहिलंय. माझ्याकडे कुणी असं पाहिलं नव्हतं.

तू काय म्हणालास? "हा तांत्रिक विषय आहे, नंतर बोलू." कृष्णात उठून उभे राहिले, फौजी ताठ. "आवं सायेब, नंतर कवा? पोरीनं इचारलंय, उत्तर द्या की." वीरधवलनं आभारप्रदर्शन सुरू केलं.

उत्तर नाही म्हणून आभार!

परतीच्या एस.टी.त बापलेक पुढे बसले, मी मागे. कराडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ती माझ्याजवळ आली. "म्याडम, तुमाला कवापास्नं ठाऊक हुतं?" मी म्हटलं, ऑक्टोबरपासून. ती म्हणाली, "आन मी तीन महिनं सोताला येडी समजत हुते." एवढंच. परत जाऊन वडिलांच्या शेजारी बसली.

तू भ्याड आहेस. लहानपणी कपबशी फोडलीस की तुकडे उचलून माझ्या दप्तरात टाकायचास, तसाच आहेस. फरक एवढाच की तेव्हा फोडलेली वस्तू आईची होती.

अ.


सातारा
२२ फेब्रुवारी २०२५

राजस,

सृष्टी लॅबमध्ये येत नाही.

मुदत मागून घेतली, मार्चअखेरपर्यंत मिळाली. सुधारलेला निबंध तयार आहे, एक कळ दाबायची. ती कळ तिची आहे, मी दाबू शकत नाही, आणि ती दाबत नाही. "आता कुणाच्या रुमालाखाली पाठवू?" असा निरोप आला. रुमालाची गोष्ट तिला मीच केव्हातरी कौतुकानं सांगितली होती.

संपादकांना मी पत्र लिहिलं. आधी माझं नाव घातलं, की मी ऑक्टोबरपासून परीक्षक ओळखून होते आणि गप्प बसले, कारण तो माझा भाऊ आहे. मग तुझं नाव घातलं. तुला त्यांच्याकडून विचारणा आली असेलच. माझ्यावर चिडला असशील तर चीड. तुझ्या चिडण्याला मी लहानपणापासून भीक घातलेली नाही. त्यांचं सभ्य उत्तर आलं. नवा परीक्षक नेमतील. म्हणजे कागदावरची वाट मोकळी झाली. पोरगी मात्र वाटेवर नाही.

म्हणून परवा कोरेगावला गेले. सृष्टी मैदानावर होती. पळते सुंदर, हे माझं दुर्दैव. मैदानी चाचणी तोंडावर आलीये. पोलीस झाली तर जिल्ह्याचं भलंच होईल, सरळ माणूस आहे. पण त्या उजेडाचं काय? तो तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी पाहिलेला नाही. मीही तिच्या खांद्यावरून पाहिला.

कृष्णातनी बाजेवर बसवलं, चहा दिला. रागावले नाहीत, त्यानं जास्त लाज वाटली. म्हणाले, "म्याडम, आमी फौजेत चुकीचा नकाशा दिला तर देणाऱ्यानं सोता पुढं येऊन सांगायचं, माझा चुकला. न्हाईतर मागची सगळी पोरं खड्ड्यात. तिचं म्हणणं तेवढंच हाय." मग सृष्टी आली, घामाघूम. माझ्यासमोर उभी राहिली पण बसली नाही.

"मी बरोबर हाय का न्हाई, हे तुमी सांगून भागायचं न्हाई, म्याडम. तुमी माझ्या बाजूच्या. नवा परीक्षक सांगंल, त्यालाबी नाव नसंल. ज्यांनी कचरा म्हटलं त्यांनी सांगावं. नावासकट. कचरा असंल तर कचरा म्हणावं, मी पुन्यांदा तोंड दाखवणार न्हाई."

ऐकलंस? तिला तुझी दया नको. तुझी शिफारसही नको. तिला तपासणी हवी आहे, जी तू पहिल्याच दिवशी करायची होतीस. जवळच्या जोड्या उघड. एकेक बघ. उन्हाळाभर एका मुलीनं केलं ते तुझ्या मोठमोठ्या संगणकांना आठवडाभरात जमेल. मग काय दिसतं ते तुझ्या नावानं लिही, जिथे पहिलं "नाही" छापलंस तिथेच. अण्णा म्हणायचे, सौदा झाला की हात रुमालाबाहेर काढून दाखवायचा, मग बोट लपवायचं काय कारण?

मार्च संपायला फार दिवस नाहीत. तिच्या शर्यतीलाही नाहीत.

अश्लेषा


सातारा
१८ मे २०२५

राजस,

तुझी दुरुस्ती छापून आली. मी तीनदा वाचली. चूक सापडते का ते बघायला.

सापडली नाही, कारण ती आधीच कुणीतरी काढलेली होती. हे तू मला का कळवलं नाहीस? मला सृष्टीकडून समजलं, तेही परवा. तू मार्चमध्ये दुरुस्तीचा मसुदा आधी तिला पाठवलास आणि लिहिलंस, "याचं परीक्षण तुम्ही करा. माझं नाव वर आहे, तुमचंही खाली असू दे." तिनं मला काही सांगितलं नाही. सकाळी पळायची आणि दुपारी तुझा मसुदा तपासायची.

तिनं तुला तीन वेळा परत पाठवलं म्हणे! पहिल्या वेळी तू लिहिलं होतंस, "काही तांत्रिक कारणांमुळे". तिचा शेरा: कोणत्या? दुसऱ्या वेळी तू लिहिलंस, "प्रक्रियेदरम्यान विद्यार्थ्यांकडून". तिचा शेरा: विद्यार्थ्याचं नाव लिहा, नाहीतर स्वतःचं. अरे, पुन्हा दप्तरात तुकडे! या वयात! तिसऱ्या वेळी कुठे तुला वाक्य सापडलं: जवळच्या जोड्या मी न तपासता काढून टाकल्या; तपासल्यावर तिथे उजेड आहे. तिनं सही केली, "हरकत नाही." एवढी कंजूष शाबासकी मीसुद्धा कधी दिली नव्हती. पोरगी माझ्याकडून बरंच शिकली.

आणि मग मार्चच्या शेवटच्या दिवशी तिनं कळ दाबली. मैदानी चाचणीत मुलींत तिसरी आली होती, ते सोडून. कृष्णात म्हणाले, "पळणं वाया जात न्हाई म्याडम, कुठंबी कामाला येतंय." आता नव्या परीक्षकानंही निबंध स्वीकारलाय. ती पीएच.डी.ला अर्ज करतेय, चार ठिकाणी. तुझ्याकडे नाही. मी विचारलं, का गं? म्हणाली, "सरांचा राग न्हाई. पर मला परीक्षकच ऱ्हाऊ दे."

परवा ती निबंध दाखवायला लॅबमध्ये आली. पाच महिन्यांनी. खुर्चीवर बसली, तेच पुष्कळ होतं. पहिल्या पानावर लेखकाचं नाव एकच होतं. माझं नव्हतं. दुसऱ्या परीक्षकाकडे पाठवतानाच तिनं ते काढलं होतं.

ती म्हणाली, "राग म्हणून काढलं न्हाई, म्याडम. तुमी त्येंच्या भैन. उद्या कुणी म्हणंल, भावानं भैनीसाठी मान तुकवली. मग उजेड ऱ्हातो बाजूला, आन सगळी तुमच्या घराचंच बोलत बसतात. शेवटी तुमचे आभार मानल्यात, बघा."

मी बघितलं. शेवटच्या पानावर, एका ओळीत. साताऱ्यात राहून मला स्वतःच्या नावावर एक तरी नवा उजेड हवा होता, राजस. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. तिलाही सांगितलं नाही. मी म्हटलं, बरोबर केलंस. ती म्हणाली, "व्हय. पर तुमच्याशिवाय झालं नसतं." आणि फळा पुसायला उठली. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

तिच्याबरोबर कोरेगावला गेले, पेढे घेऊन. गोठ्याशेजारी कडब्याची गंजी आहे, त्यावर तुझा फ्लेक्स टाकलाय. सत्कार संपला तेव्हा कृष्णातनी वीरधवलच्या पोरांकडून मागून घेतला होता. वळवाच्या पावसाला उत्तम, म्हणाले. वीरधवल मागच्या बाजूला गेलाय, शनी दुमडलाय. पुढे तू आहेस, थोडा उलटा, फेट्याशिवाय, आणि खाली अक्षरं अजून वाचता येतात, ब्रह्मांडाचा आवाज शोधणारे. बैल मधूनमधून तुझ्या कानाला तोंड लावतो. मला हसू आलं, मग नाही आलं. त्या फोटोत तू आठवीतला दिसतोस.

मी अजून रागावलेली आहे. हे वाचून गळ्यात पडायला येऊ नकोस, मला ते आवडत नाही. पण आई विचारते, गणपतीला येणार का. आलास तर वरचीच खोली घे, ती झाडून ठेवलीये.

या वेळी बशीखाली चिठ्ठी येणार नाही. मी जिना चढेन.

ताई